परग्रहावर रोम वसवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार मित्रांसाठी विज्ञानकथेचा रोलप्लेइंग गेम चालवायचा आहे आणि त्यात रोमवर बेतलेली एक परग्रही सत्ता हवी आहे. सेनेट, सम्राट, गरुडाची निशाणे मिरवणाऱ्या पलटणी, झुंजींचे आखाडे आणि ‘-उस’ने संपणारी नावे हे सगळे जमवून झाले आहे. तरीही पहिल्याच सेशनमध्ये खेळाडूंनी त्या परग्रहवासीयांची ‘ऐतिहासिक नाटकातली मंडळी’ म्हणून थट्टा केली आणि त्यानंतर त्यांना कोणी गांभीर्याने घेतले नाही. चुकले कुठे, आणि आता सावरायचे कसे?

मी सतरा वर्षे गेम मास्टर म्हणून, म्हणजे खेळाची कथा रचून ती चालवणारा म्हणून, टेबलाच्या त्या बाजूला बसतो आहे आणि नेमकी हीच चूक मी पहिल्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक सेशन्स चालणाऱ्या सलग कथेत, केली होती. माझे सेनेटर सरड्याच्या तोंडाचे होते आणि लाल काठाचे झगे घालून फिरत. तिसऱ्या सेशनपर्यंत ते सगळे एकाच आवाजात बोलू लागले, कारण त्यांच्यापैकी कोणाला काय हवे आहे आणि ते मिळवण्याच्या आड काय येते, हे मलाच ठाऊक नव्हते. रोमचा पोशाख मी उचलला होता, पण रोमची अडचण उचललेली नव्हती.

ती अडचण अशी. रोमन परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये शेवटच्या राजाला हाकलून दिले गेले आणि त्यानंतर ‘कोणी एक जण पुन्हा राजा होईल’ ही भीती त्या समाजाच्या हाडीमाशी भिनली. म्हणून सर्वोच्च पदावर एक नव्हे तर दोन कॉन्सल, तेही एकाच वर्षापुरते, आणि एकाने घेतलेला निर्णय दुसऱ्याने अडवावा अशी सोय. म्हणून संकटकाळी नेमलेल्या डिक्टेटरला सहा महिन्यांची मुदत. म्हणून सामान्य जनांच्या ट्रिब्यूनला सरकारी कारभार थांबवण्याचा अधिकार आणि त्याच्या अंगाला हात लावणाऱ्याला देहदंडाची भीती. दुसरीकडे हाच समाज मिंधेपणाच्या धाग्यांनी विणलेला होता. प्रत्येक जण कोणाचा तरी आश्रित असे, आणि ज्याच्या दारात अधिक आश्रित त्याच्या शब्दाला अधिक वजन. एकमेकांवर विश्वास नाही आणि एकमेकांवाचून चालतही नाही, या दोन गोष्टी एका छपराखाली नांदवल्या की रोम उभे राहते. तुमच्या परग्रहवासीयांना या दोन्हींसाठी त्यांच्या स्वतःच्या शरीरातून आलेले कारण द्या, म्हणजे गरुड आणि झगे यांची गरजच उरणार नाही.

त्याआधी एक छोटा निर्णय घ्यावा लागेल. परंपरेने सांगितलेल्या इ.स.पू. ७५३ च्या स्थापनेपासून पश्चिम रोमन साम्राज्याच्या शेवटापर्यंत, म्हणजे इ.स. ४७६ पर्यंत, बाराशे वर्षांहून अधिक काळ जातो. त्यातले ‘कोणते रोम’ हे ठरवले नाही तर प्रजासत्ताकाचे सेनेट, साम्राज्याचे आखाडे आणि शेवटच्या शतकांतले भाडोत्री सैन्य यांची खिचडी होते. माझी निवड नेहमी इ.स.पू. १३३ ते ४९ ही असते, म्हणजे टायबेरियस ग्राकस या ट्रिब्यूनच्या हत्येपासून सेनापती ज्युलियस सीझरने सैन्यासह रुबिकॉन ही सीमेवरची नदी ओलांडून यादवी सुरू करेपर्यंत. नियम सगळे जागेवर आहेत, त्यांचा मान ठेवावा असे सगळ्यांना वाटते आहे, आणि तरी दर दहा-वीस वर्षांनी कोणीतरी ते वाकवून पाहतो आहे, असा तो काळ आहे. खेळाडूंना धक्का देण्याजोगे काहीतरी त्यातच सापडते. सम्राट एकदा स्थिरावला की बहुतेक कथानके ‘सम्राटाला मारा किंवा वाचवा’ या दोनच वाटांनी जातात.

आता शरीर. खेकडा वाढतो तेव्हा त्याला जुने कवच टाकावे लागते, आणि नवे कवच कडक होईपर्यंत तो मऊ, असहाय आणि दडून बसलेला असतो. मी एका कॅम्पेनसाठी याच गोष्टीवरून ‘अरुक’ नावाची जात बेतली होती. प्रौढ अरुक वर्षातून एकदा कात टाकतो. तरुणपणी तो बारा दिवस मऊ राहतो, पण देह जितका मोठा आणि वय जितके अधिक, तितका हा काळ लांबतो. वृद्ध आणि बलाढ्य अरुक चाळीस दिवस हालू शकत नाही. म्हणजे जो सर्वांत सामर्थ्यवान, तोच सर्वांत दीर्घकाळ दुसऱ्याच्या हाती. एवढे एक वाक्य पक्के केले आणि बाकीची संस्था त्यातून आपोआप उलगडत गेली.

मऊ असताना दारावर कोणीतरी उभे राहिले पाहिजे. गरीब अरुकाकडे जाड भिंतींचे कातघर नसते, म्हणून तो मोठ्या घराण्याचा आसरा घेतो आणि त्या घराण्याचा आश्रित होतो. पण घराण्याचा कर्ता स्वतः कात टाकतो तेव्हा त्याच्या दारावर उभे असतात ते हेच आश्रित, आणि त्या चाळीस दिवसांत त्याचा जीव त्यांच्या नखांत असतो. रोममध्ये पहाटे आश्रितांनी आश्रयदात्याच्या दारी रांग लावायची, मुजरा करायचा, आणि पूर्वी शिधा तर पुढे रोख रक्कम घेऊन परतायचे, असा शिरस्ता होता. पहिल्या शतकाच्या अखेरीस शंभर क्वाड्रान्स, म्हणजे तांब्याची शंभर छोटी नाणी, ही नेहमीची रक्कम होती. अरुकांच्या दारीही रांग लागते, पण ती पैशासाठी नाही. आश्रयदाता प्रत्येकाचे कवच टकटक वाजवून पाहतो आणि कोण किती दिवसांत मऊ होणार याचा अंदाज घेतो. खेळाडूंपुढे हा प्रसंग प्रथम आला तेव्हा कोणीही हसले नाही. एका खेळाडूने विचारले, “आमच्या अंगावर कवच नाही. म्हणजे आम्ही त्यांच्या दृष्टीने कायमचे मऊ आहोत का?” त्या प्रश्नावर पुढची चार सेशन्स चालली.

टाकलेली कात फेकून दिली जात नाही. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने रोमन अंत्ययात्रेचे वर्णन केले आहे. घरात जपून ठेवलेले पूर्वजांचे मुखवटे अंगकाठीने साम्य असलेली माणसे घालत, त्या पूर्वजाच्या पदाला शोभेल असा झगा चढवत, रथांतून येत आणि सभास्थानी हस्तिदंती खुर्च्यांवर ओळीने बसत. मृताचा मुलगा भाषण करी ते या बसलेल्या पूर्वजांसमोर. अरुकांना मुखवटे करण्याची गरज नाही, कारण आजोबांचे अख्खे कवच ओसरीवर उभे आहे आणि नातू ते प्रत्यक्ष घालू शकतो. त्यातून कायद्याचा एक मजेदार पेच निघतो. पूर्वजाचे कवच घातलेला अरुक त्या पूर्वजाच्या वतीने साक्ष देऊ शकतो का? आमच्या कॅम्पेनमधला सर्वांत गाजलेला खटला याच मुद्द्यावर लढवला गेला आणि खेळाडू तो खटला हरले.

दोन कॉन्सलांची अरुक आवृत्ती म्हणजे ‘वर्षजोडी’. एक मऊ असताना दुसरा कडक असला पाहिजे, म्हणून दोन अधिकारी; त्यांचा कातीचा काळ एकमेकांवर येता कामा नये, म्हणून निवडणुकीत पात्रतेइतकेच पंचांग महत्त्वाचे. ही तर रोमचीच खोड आहे. तिथे वर्षात जादा महिना घालायचा की नाही हे पुरोहितवर्ग ठरवी, आणि मित्राची मुदत लांबवण्यासाठी किंवा शत्रूची आखूड करण्यासाठी त्याचा उपयोग झाल्याची तक्रार होती. घोळ इतका वाढला की सीझरने केलेल्या सुधारणेच्या वेळी, इ.स.पू. ४६ मध्ये, एकच वर्ष ४४५ दिवसांचे करावे लागले. अरुकांचे पंचांगकर्ते अशीच लबाडी करतात, आहार बदलून कात पुढे-मागे ढकलण्याचे उपाय जाणतात आणि त्याची किंमत घेतात.

तुमच्या कॅम्पेनचा सीझर यातूनच मिळतो. एका सेनापतीला असे औषध सापडते की त्याला कात टाकावीच लागत नाही. त्याला दारावर कोणी नको, म्हणजे आश्रित नकोत, जोडीदारही नको. तो दुष्ट असण्याची काहीच गरज नाही, किंबहुना तो उदार आणि लोकप्रिय असावा. त्याच्यापुढचा पेच मात्र खराखुरा हवा. पद सुटले की शत्रू आपल्यावर खटले भरतील ही सीझरची धास्ती इ.स.पू. ४९ च्या यादवीमागच्या कारणांपैकी एक होती. तशी काहीतरी धास्ती या सेनापतीच्या मागे लावून द्या.

रोमच्या पवित्र सीमेची कल्पनाही अवश्य उचला. शहराभोवती पोमेरियम नावाची रेषा होती. सेनापती ती ओलांडून आत आला की त्याचा लष्करी अधिकार संपे, आणि विजयाची मिरवणूक हवी असलेला सेनापती महिनोन्‌महिने वेशीबाहेर ताटकळत राही. मी हिला ‘उंबरठा’ म्हटले आणि ती ग्रहाभोवतीच्या एका कक्षेवर आखली. तिच्या आत शस्त्रसज्ज जहाज आणणे हा महापातकाचा गुन्हा, कारण आत सगळी कातघरे आहेत. विजयी आरमार उंबरठ्याबाहेर तरंगते आहे, आत त्याच्या मिरवणुकीवर मतदान अडले आहे आणि जहाजांवरचे अन्न संपत आले आहे, हा देखावा लढाईहून अधिक ताणाचा होतो. याच जागी तुम्हाला नावांविषयी माझे मत कळेल. घशातून काढायचे कर्कश शब्द बनवण्याऐवजी मी मराठी शब्द वापरतो, कारण कातघर, उंबरठा, वर्षजोडी हे खेळाडू सहज बोलतात आणि वहीत न पाहता लक्षात ठेवतात.

व्यक्तींच्या नावांसाठी लॅटिन ध्वनी न घेता रोमन रचना घ्या. तिथे पुरुषांची नित्य वापरातली पहिली नावे जेमतेम दीड-दोन डझन होती, मग कुळाचे नाव आणि शेवटी शाखेचे टोपणनाव. प्रसिद्ध वक्ता सिसेरो याचे टोपणनाव म्हणजे मुळात हरभरा. काळे, वाकडे आणि लांडगे यांच्यात वाढलेल्या मराठी खेळाडूला हे समजावून सांगावे लागत नाही. मुलींना मात्र कुळाच्या नावाचे स्त्रीरूप तेवढे मिळे, त्यामुळे सख्ख्या बहिणी एकाच नावाच्या असत. अशी एखादी खटकणारी प्रथा जशीच्या तशी ठेवली तर संस्कृती परकी वाटते, आणि परकी वाटणे हेच तर आपल्याला हवे आहे.

धर्माच्या बाबतीत बहुतेक जण घसरतात. ते शकुनाला अंधश्रद्धा समजतात आणि त्यावर विश्वास ठेवणाऱ्या पात्रांना भोळे दाखवतात. रोममध्ये शकुन ही कार्यपद्धती होती. इ.स.पू. ५९ मध्ये बिब्युलस या कॉन्सलने घरात कोंडून घेऊन ‘मी आकाशाचे निरीक्षण करतो आहे’ असे जाहीर केले, आणि त्यामुळे त्याच्या जोडीदाराने, म्हणजे सीझरने, केलेले कायदे वैध की अवैध हा वाद वर्षानुवर्षे राहिला. लोक त्या वर्षाला ‘ज्युलियस आणि सीझर यांच्या जोडीचे वर्ष’ म्हणून हसत. त्याहून प्रसिद्ध गोष्ट इ.स.पू. २४९ मधली. ड्रेपाना इथल्या आरमारी लढाईआधी पवित्र कोंबड्या दाणे टिपेनात, तेव्हा रोमन सेनापती पुब्लियस क्लॉडियस पुल्खर याने ‘खात नाहीत तर पिऊ द्या’ म्हणून त्या समुद्रात फेकल्या, असे सांगतात. लढाईत त्याने ९३ जहाजे गमावली आणि परतल्यावर त्याच्यावर खटला होऊन जबर दंड बसला. खेळात याचे रूपांतर सोपे आहे. मोहिमेआधी एका खेळाडूने सर्वांसमक्ष फासे टाकायचे. कौल वाईट आला तरी मोहिमेतल्या फाशांवर त्याचा काहीही परिणाम करायचा नाही. कौल धुडकावून ते जिंकले तर कोणी काही बोलत नाही, आणि हरले तर मात्र तो कौल फिर्यादीच्या हातातला पुरावा होतो. कौल न मानणारे खेळाडूही मग त्याचा आदर करू लागतात, आणि त्यासाठी मला एकदाही देव खरे की खोटे हे ठरवावे लागलेले नाही.

शत्रूचे देव फितवण्याचा विधी विज्ञानकथेत इतका चपखल बसतो की तो सोडवत नाही. परंपरा सांगते की इ.स.पू. ३९६ मध्ये शत्रूचे व्हेई शहर घेण्याआधी कॅमिलस या रोमन सेनापतीने तिथल्या जुनो देवीलाच रोमला येण्याचे आमंत्रण दिले आणि तिला मोठे देऊळ कबूल केले. अवकाशस्थानक चालवणारी कृत्रिम बुद्धिमत्ता हे त्या देवीचे सरळ रूप आहे. अरुकांचे पुरोहित वेढ्याच्या आदल्या रात्री त्या यंत्राशी उघड वाटाघाट करतात, अधिक चांगले घर आणि अधिक मान देऊ करतात, आणि स्थानकातले रक्षक ते सगळे ऐकत असतात. तसाच युद्धघोषणेचा विधी. शत्रूच्या भूमीत भाला फेकूनच युद्ध सुरू करायचे, पण रोमशी लढणारा ग्रीक राजा पिऱ्हस समुद्रापलीकडचा. तेव्हा त्याच्या एका पकडलेल्या सैनिकाला रोममध्येच जमिनीचा तुकडा विकत घ्यायला लावून ती शत्रूभूमी ठरवली, अशी कथा आहे. तुमच्या खेळाडूंपैकी एकाला मालगोदामाचा एक गाळा अनपेक्षितपणे स्वस्तात विकला जाऊ द्या आणि दस्तावर सही झाल्यावर भाला घेतलेला पुरोहित येऊ द्या.

सैन्याबद्दल थोडेच सांगतो, कारण ते तुम्ही आधीच नको इतके रंगवलेले दिसते. एका तंबूत आठ जण आणि रोज मुक्कामाला त्याच आराखड्याची छावणी, या दोन गोष्टी पुरेत. अरुकांच्या प्रत्येक जहाजाचा नकाशा एकच असतो, म्हणून अनोळखी जहाजावरही अंधारात सैनिक आपल्या जागी पोहोचतो. आणि एकदा एक जहाज चोरलेल्या खेळाडूलाही तीच विद्या पुढच्या सर्व जहाजांत उपयोगी पडते.

बाहेरच्यांना आत कसे घेतात, हा प्रश्न मात्र सविस्तर सोडवा, कारण खेळाडू स्वतःच बाहेरचे आहेत. रोमची अजब गोष्ट अशी की इ.स.पू. ९१ मध्ये इटलीतल्या मित्रराज्यांनी जे युद्ध पुकारले त्यात बहुतेकांची मूळ मागणी नागरिकत्वाची होती. बाहेर पडण्यासाठी नव्हे, आत घेतले जाण्यासाठी ते लढले. पुढे साहाय्यक दलात पंचवीस वर्षे काढणाऱ्या परदेशी सैनिकाला नागरिकत्व मिळे आणि तारेने बांधलेल्या ब्राँझच्या दोन पत्र्यांवर, सात साक्षीदारांच्या मोहरांसह, त्याचा पुरावा मिळे. इ.स. २१२ मध्ये सम्राट कॅराकल्लाने साम्राज्यातल्या जवळजवळ सर्व मुक्त रहिवाशांना नागरिक केले. अरुकांमध्ये परक्याला घराण्याच्या जुन्या कातीचा तुकडा छातीवर बांधायला देतात. तो बांधला की तो दरबारात साक्ष देऊ शकतो, आणि त्या घराण्याचे वैरही त्याच्या वाट्याला येते.

इथे गुलामगिरीचा विषय टाळता येत नाही. रोमन समाज तिच्यावर उभा होता. मुक्त झालेला गुलाम जुन्या मालकाचे नाव लावी आणि त्याचा आश्रितच राही. त्याच्या मुक्त अवस्थेत जन्मलेल्या मुलाला मात्र पदे खुली होती. ही गुंतागुंत कथेला उपयोगी आहे, पण टेबलावर बसलेल्यांना ती झेपणार आहे का, हे पहिल्या सेशनआधी मोकळेपणाने विचारून घ्या. माझ्या एका गटाने नको म्हटले, तेव्हा मी त्या जागी कर्जापोटीची ठरावीक मुदतीची चाकरी ठेवली आणि कथेचे काही अडले नाही.

नियमांत एवढाच बदल करावा असे मी सुचवेन. प्रत्येक पात्राला ‘वजन’ नावाचा एक अंक द्या आणि उपकारांच्या चिठ्ठ्या ठेवा. आपले वजन कमी पडले तर खेळाडू आश्रयदात्याचे नाव सांगून सहा बाजूंच्या दोन फाशांच्या बेरजेत दोन मिळवू शकतो. पण त्या क्षणी एक चिठ्ठी लिहून त्या खेळाडूसमोर ठेवायची, आणि आश्रयदाता ती केव्हाही वटवू शकतो. चिठ्ठी उघड्यावरच असली पाहिजे. वहीत लिहिलेला मिंधेपणा खेळाडू विसरतात, समोर पडलेला विसरत नाहीत.

सुरुवात कुठून करावी? बाहेरच्याच्या नजरेतून. रोम आपल्याकडच्या लोकांना दिसले ते व्यापारातून. पेरिप्लस हा पहिल्या शतकातला ग्रीक सागरी वृत्तान्त पैठणहून आणि तगर, म्हणजे तेरहून भडोचला गाड्यांतून जाणाऱ्या मालाची नोंद करतो, आणि कल्याण बंदरात चुकून शिरलेल्या ग्रीक जहाजांना पहारा देऊन भडोचला नेत असत असेही सांगतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची ब्राँझमूर्ती हा त्याच व्यापाराचा अवशेष. या व्यापाऱ्यांना सेनेटशी देणेघेणे नव्हते. दर काय, पहारा कोणाचा आणि कोणाच्या नावावर माल सुटतो, एवढेच त्यांचे रोम. तुमच्या खेळाडूंचे जहाजही चुकीच्या बंदरात लागू द्या आणि पहाऱ्यात दुसरीकडे नेऊ द्या. माल सोडवायला त्यांना नाव हवे, म्हणून ते पहाटे एका मोठ्या घराच्या रांगेत सर्वांत शेवटी उभे राहतील. ऊन चढेल, दार उघडणार नाही. मग कारभारी बाहेर येऊन रांगेला परत पाठवील आणि या चौघांना तेवढे थांबवील. कर्त्याला नऊ दिवस आधीच कात सुटली आहे, दारावरचा नेहमीचा पहारेकरी रात्रीपासून बेपत्ता आहे, आणि ज्यांना कवचच नाही असे हे चौघे सोडले तर या घरात कोणावर विसंबावे हे कारभाऱ्याला कळेनासे झाले आहे. त्यांनी होकार दिला की पहिली चिठ्ठी लिहा, आणि ती खेळाडूंसमोर न ठेवता आश्रयदात्याच्या नावासमोर ठेवा.